हिरवा दिवा आणि जुई

"शलाका, लेकरासमोर असा कोरा चेहरा करून बसू नकोस गं," मालूमावशी म्हणाली होती. शलाकाने ते हसण्यावारी नेलं. "अगं, आठ महिन्यांची आहे ती. तिला काय कळतंय?"

शलाका घरून, व्हिडिओवर, विमा-दाव्यांच्या सुनावण्या घ्यायची. समोरचा रडो की ओरडो, तिच्या चेहऱ्यावर काही उमटता कामा नये. त्यासाठी लॅपटॉपमध्ये मुद्रापाल होता, चेहऱ्याच्या स्नायूंची बारीकशी हालचालही टिपणारी प्रणाली. हिरवा दिवा लागला, की तो बघतोय असं समजायचं. रोज सकाळी तो सराव घ्यायचा. मध्येच शिंका, विनोद, चित्रविचित्र आवाज ऐकवायचा. ओठ हलले, की पुन्हा पहिल्यापासून. शलाका या सगळ्याला सरावली, तेव्हा त्याने तिच्याच घरातला एक आवाज उचलला: जुईचं खिदळणं.

तेही तिला जमलं. मांडीवर खरी जुई, कानात रेकॉर्ड केलेली जुई, आणि चेहरा कोरा.

संक्रांतीनंतर जुईचं बोरन्हाण केलं. हलव्याचे दागिने घातलेल्या जुईच्या डोक्यावर चुरमुरे, बोरं, गोळ्या ओतल्या. शेजारची पोरं ओरडत वेचायला धावली. जुई मात्र ढिम्म.

"किती शहाणं बाळ! जरासुद्धा दंगा नाही," बायका कौतुक करत होत्या. शलाकाही सुखावली. मग जुई कुठे बघतेय ते तिच्या लक्षात आलं. नणंद मोबाइलचा पडदा जुईकडे वळवून सेल्फी कॅमेऱ्याने शूटिंग करत होती. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका.

"गार्गीताई, जरा बंद करा ना."

"अगं, आत्ता कुठे रंगात आलंय!"

"करा ना बंद. प्लीज."

ठिपका विझला. जुई थोडी थांबली. नाकावरून एक चुरमुरा घरंगळला आणि ती खळखळून हसली. म्हणजे हसू गेलं नव्हतं, पोर ते धरून बसली होती!

हसत हसत जुईने आईकडे पाहिलं. शलाकाही हसत होती, निदान तिला तसं वाटत होतं. पण जुईचं हसू हळूहळू मावळलं.

"मावशी, मी हसतेय ना?"

मालूमावशीने तिच्या गालाला हात लावला. "हसतेयस होय? मला वाटलं, काही दुखतंय तुझं."

तुमच्या ओळखीतली कुणी घरी बसून असं काम करत असेल, तर एकदा जाऊन याल? बाळाचं नंतर बघा. दिवा बंद करून आधी आईला हसवून बघाल?