पंचाची कबुली, १९५७

बाळासाहेब खर्डेकर जिना चढून आले आणि दाराची चौकट धरून मिनिटभर उभेच राहिले. वय अठ्ठ्याऐंशी, हॅटवरून पाणी गळत होतं. खिशातली बारीक गोळी त्यांनी जिभेखाली ठेवली, मगच बोलले.

"पद्मिनी देवस्थळी तुम्हीच ना? तीन वाजेपर्यंत माझं नाव वाचवायचंय. आत्ता अकरा वाजलेत."

पद्मिनीनं खुर्ची पुढं केली. आयर्लंडमधल्या गॉलवेत परवाना काढून खासगी तपास करणारी ती एकटीच मराठी बाई. कोपऱ्यात तिचा दीर गुरुनाथ बसला होता. तो रुग्णालयात भूलतज्ज्ञ. सुटीच्या दिवशी वहिनीच्या मागं मागं हिंडायची त्याला हौस.

"उद्या एक जानेवारी," बाळासाहेब म्हणाले. "उद्या इथं मेडोलार्क बोल आहे."

"म्हणजे काय?" गुरुनाथनं विचारलं.

"अमेरिकेतल्या दोन कॉलेजांची वर्षातून एकदा होणारी फुटबॉलची लढत. त्यांचा फुटबॉल, लांबट चेंडूचा. शहात्तर वर्षं एका छोट्या गावात व्हायची, यंदा पहिल्यांदाच देशाबाहेर. आणि १९५७ ची लढत माझ्या किकवर जिंकली गेली. सांगलीहून शेतकी शिकायला गेलो होतो. चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की टचडाउन, सहा गुण. आमचे दोन, म्हणजे बारा; ते तेरा. शेवटच्या मिनिटाला चौतीस यार्डांवरून मारलेला चेंडू दोन खांबांमधून गेला. तीन गुण. पंधरा-तेरा."

उद्या लढतीआधी मैदानात त्यांचा सत्कार होता. टाळ्यांच्या गजरात ते पुन्हा एक किक मारणार होते.

"आणि काल हे सापडलं."

त्यांनी एक झेरॉक्स टेबलावर ठेवली. मूळ पत्र इंग्रजीत, टाइप केलेलं. तारीख तीन जानेवारी १९५७, खाली त्या लढतीचे पंच हॅरल्ड ब्रँट यांची सही. पद्मिनीनं मोठ्यानं मराठी करत वाचलं.

"'त्यांच्या दुसऱ्या टचडाउननंतर दोन गुणांचा प्रयत्न फसला तेव्हाच ते हरले होते. शेवटी त्यांचा हिंदी मुलगा बर्फात उभा राहिला. उजव्या पायात बूटही नाही, नुसता काळा मोजा. मला त्याची दया आली. चेंडू खांबाबाहेरून गेला होता, तरी मी किक ग्राह्य धरून हात वर केले. त्या मुलाला यातलं काही ठाऊक नाही. पाप माझं एकट्याचं.'"

"पंच कधीच वारले," बाळासाहेब म्हणाले. "विचारणार कोणाला? बोलची समिती तीनला निर्णय घेईल. सत्कार रद्द, आणि किकवर प्रश्नचिन्ह. कायमचं."

"यातलं खरं किती?"

"चेंडू आतून गेला. मी डोळ्यांनी पाहिलाय."

"आणि मोजा?"

"मोजा... खरा आहे. बूट ओला होऊन दगडासारखा झाला होता, काढून फेकला. चेंडू धरून बसलेल्या माझ्या जोडीदाराला माहीत होतं. तो गेला. कोच म्हणाले, बोलू नकोस, लोक हसतील. पेपरात सगळीकडं बूटच छापून आला."

"घरी कोणाला सांगितलं होतंत?"

"घरातल्या गोष्टी घरात राहतात हो," म्हणून ते खिडकीबाहेर पाहू लागले.

*

आयर स्क्वेअरजवळच्या एका हॉलमध्ये बोलच्या इतिहासाचं प्रदर्शन मांडलं होतं. समुद्राकडून येणारा पाऊस काचांवर आडवा आदळत होता. रोहित एका फलकाला टेप लावत होता. मूळचा नागपूरचा, इथं सॉफ्टवेअरमध्ये. मांडणी सगळी त्याची.

"पत्र मलाच सापडलं," तो म्हणाला. "अमेरिकेतल्या त्यांच्या म्युझियमनं हा बूट पाठवलाय ना, त्याच्या खोक्यात, तळाच्या कागदाखाली. खोकं परवापासून इथंच उघडं होतं. इथं मी असतो, निहारिका असते. खर्डेकरकाकांच्या संध्याताई वडिलांचा अल्बम द्यायला दोनदा आल्या. बस."

"बाळासाहेबांशी तुमचं भांडण झालं म्हणे?"

रोहित लाल झाला. "भांडण नाही हो. म्हणाले, हा बूट काढा. का, ते सांगेनात. म्युझियमची वस्तू कशी काढणार? मी म्हटलं, काका, इट्स ग्रँड, काही बिघडत नाही, राहू द्या."

काचेखाली तो काळा बूट होता. शेजारी कार्ड: 'याच बुटानं मारलेली किक.'

गुरुनाथ हात मागं बांधून फलक वाचत चालला होता. "१९४९, पहिली लढत. १९५७, खर्डेकरांची किक. १९५८, नवा नियम: टचडाउननंतर एका गुणाऐवजी दोन गुणांसाठी खेळण्याची मुभा. वहिनी, मला यातलं काही कळत नाही."

"वाचत राहा, भावजी."

निहारिका मागच्या खोलीत होती. बोलच्या इतिहासाचं स्मरणपुस्तक ती लिहीत होती. हे फलकही तिचेच.

"सगळ्यांना वाटतंय मीच केलं," ती फटकन म्हणाली. "पुस्तकाला सनसनाटी प्रकरण मिळावं म्हणून. दोन वर्षं राबलेय मी यावर. अख्खं पुस्तक त्यांच्या किकभोवती उभं आहे. ते खोटं ठरलं तर माझ्या हातात उरतं काय?"

"त्या किकच्या वेळी पंच कुठं उभे होते?"

"गोलच्या खांबाखाली. नकाशाच आहे माझ्याकडं."

एक वाजता संध्या आली. बाळासाहेबांची एकुलती एक मुलगी, पोर्टलीशच्या रुग्णालयात डॉक्टर. दीड तास गाडी चालवून आलेली, कोटसुद्धा न काढता तिनं विचारलं, "उद्याचा कार्यक्रम रद्द झाला ना?"

"अजून नाही. तीनला ठरेल."

"बाबा तुमच्याकडं आले होते? पहिल्या मजल्यावर? चालत?" तिचा आवाज चिरकला. "त्यांना जिना चढायची बंदी आहे."

"पत्राबद्दल काय वाटतं?"

"कोणीतरी खोडसाळपणा केलाय," संध्या म्हणाली आणि घड्याळाकडं पाहिलं.

*

अडीच वाजता सगळे फलकांसमोर जमले. बाळासाहेब खुर्चीत ताठ बसले होते.

"पत्र बनावट आहे," पद्मिनी म्हणाली. "सिद्ध करायला एक ओळ पुरे. 'दोन गुणांचा प्रयत्न फसला.' भावजी, दोन गुणांचा नियम कधी आला?"

"अठ्ठावन्न," गुरुनाथ म्हणाला, आणि मग त्याचे डोळे विस्फारले. "पत्र तर सत्तावन्नचं!"

"जानेवारी सत्तावन्नमध्ये तो प्रयत्न कोणी करूच शकत नव्हतं. नियमच नव्हता. पंच ही चूक करणार नाही. आजचा खेळ टीव्हीवर पाहिलेला माणूस करील."

रोहितनं तिथूनच समितीला फोन लावला. तीन मिनिटं बोलला. मग अंगठा वर केला.

"पण लिहिलं कोणी?" निहारिकानं विचारलं.

"ते मी फक्त माझ्या अशिलाला सांगेन. तुम्ही नाही आणि रोहितही नाही, एवढं नक्की. तो फलक तुम्ही लिहिलात, त्यानं छापला; नियमाचं साल दोघांना ठाऊक होतं."

दोघं बाहेर गेली. संध्याही उठली.

"तुम्ही थांबा, डॉक्टर."

पद्मिनीनं दार लावून घेतलं.

"पत्रात एक गोष्ट खोटी निघाली, तशी एक खरीही निघाली," पद्मिनी म्हणाली. "काळा मोजा. पंच चौतीस यार्डांपलीकडं, बर्फात; त्यांना तो दिसणं शक्य नाही. पेपरांना तो बूट वाटला. म्युझियमनं तर बूट जपून ठेवला. मोज्याची गोष्ट ठाऊक असलेला जोडीदार वारला. उरलं घर."

बाळासाहेबांनी मान वळवून मुलीकडं पाहिलं.

"आणि पत्राचा सूर पाहा. बदनामी करणारा म्हणेल, खर्डेकरांनी लबाडी केली. इथं सगळं पाप पंचाच्या माथी. 'त्या मुलाला काही ठाऊक नाही.' लिहिणाऱ्याला सत्कार थांबवायचा होता, पण या माणसावर डाग पाडायला त्याचा हात धजत नव्हता. आज दोघांनी मला पत्र कोणाला सापडलं, संशय कोणावर, हे सांगितलं. कार्यक्रम रद्द झाला का, हे फक्त तुम्ही विचारलंत."

संध्या खाली बसली. "आई लहानपणी मोज्याची गोष्ट सांगायची," ती म्हणाली. "इतकी पाठ आहे मला ती, की पत्रात आपोआप आली. लक्षातच आलं नाही की ती इतर कोणालाच माहीत नाही."

"का, संध्या?" बाळासाहेबांनी विचारलं.

"तुमचं हृदय पंचवीस टक्के चालतंय, बाबा. थंडीत, हजारो लोकांसमोर, पूर्ण जोर लावून किक! मी दहा वेळा सांगितलं. तुमच्या पाया पडले. तुम्ही हसलात. म्हणालात, मैदानात मेलो तर सोनं होईल."

"म्हणून अडुसष्ट वर्षांचं नाव पुसायला निघालीस?"

"नाव गेलं असतं तरी तुम्ही राहिला असता."

गुरुनाथ फलकाकडं तोंड करून उभा होता, वाचत नव्हता.

शेवटी म्हातारा म्हणाला, "पद्मिनीबाई, समितीला कळवा. मी येईन. खुर्चीत बसून शाल घेईन. किक नाही." मग मुलीकडं न पाहता त्यांनी कोटाची बाही वर सारली आणि मनगट पुढं केलं.

"बघ. कशी चाललीय ती."

संध्यानं दोन बोटं नाडीवर ठेवली. पूर्ण एक मिनिट मोजलं. मोजून झाल्यावरही तिनं हात सोडला नाही, आणि त्यांनीही काढून घेतला नाही.