पाठमोरा निळा पंजा

"नुहा, ऊठ! आज मशीन आणायचंय आणि तू अजून छताकडे बघत पडलीयेस!"

हाझेमने उशी फेकली. मामेभाऊ तो! सुट्टीत राहायला आल्यापासून उशा फेकणे हा त्याचा मुख्य उद्योग होता.

"श्श! ऐकतेय मी," नुहा म्हणाली.

ती गल्ली ऐकत होती. इजिप्तमधल्या या दुम्यात शहरात घरोघरी सुतार. सकाळ झाली की एकेका तळमजल्यावरची यंत्रं जागी होत आणि त्यांची गुणगुण खिडकीतून आत येई. लाकडाचा वास, उन्हात तरंगणारा भुसा आणि ती गुणगुण! नुहा त्यात तासन्‌तास हरवून जाई. पण तिच्या स्वतःच्या घराचा तळमजला मात्र गप्प होता.

बाबा ज्या कारखान्यात काम करत, तो बंद पडला होता. आता घरीच खुर्च्या बनवायच्या, असा त्यांचा बेत होता. पण खुर्चीचे वळणदार पाय कापायला पट्टाकरवत हवी. दोन मोठ्या चाकांवरून दातेरी पट्टी गरगर फिरते ना, तेच मशीन. नवं घेणं शक्यच नव्हतं आणि जुनं घ्यायलाही एकदाच पुरतील एवढे पैसे होते. ते फसलं, तर बाबा लांबच्या शहरात नोकरीला जाणार! त्यांची काळी बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. धाकटी बहीण रीम येताजाता त्या बॅगेला हळूच लाथ मारायची.

शरनूबीकाकांचं जुन्या यंत्रांचं गोदाम नाईलच्या काठावर होतं. सगळे तिथे पोचले. दार उघडताच समोर पोपटी रंगाची चकचकीत पट्टाकरवत! कोपऱ्यात आणखी एक होती, गंजकी, करड्या रंगाची. तिच्यावर कबुतरं बसली होती.

"वाहवा!" हाझेमचे वडील झगलूलमामा दारातूनच बाबांना ओरडून म्हणाले. "शुक्री, डोळे मिटून घे ही! मशीन कसं आहे ते मला नुसतं बघून कळतं."

"बाबा, मागच्या वर्षीचा पंखा पण तुम्ही नुसता बघूनच घेतला होता," हाझेम म्हणाला.

"तू गप्प बस!"

शरनूबीकाकांनी बटण दाबलं. पातळशी फळी सर्रकन कापली गेली. बाबांनी यंत्रावरून हात फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू पाहून नुहाला भरून आलं. तिला डोळ्यांपुढे तळमजला दिसू लागला. कोवळं ऊन, भुशात बसलेली रीम, गुणगुणणारे बाबा...

अशी स्वप्नात चालता चालता ती यंत्राच्या मागे गेली आणि थबकली. मागे, भिंतीच्या बाजूला, यंत्राचं वरचं चाक पेलणाऱ्या जाड लोखंडी मानेवर निळ्या रंगात हाताचा पंजा उमटवलेला होता.

दृष्ट लागू नये म्हणून त्यांच्या गल्लीत प्रत्येक यंत्रावर असा पंजा असे. पण तो असायचा पुढे, अगदी वर! बघणाऱ्याची नजर आधी पंजावर पडली पाहिजे ना!

"हा भिंतीकडे तोंड करून कोणाची दृष्ट काढतोय?" ती कुजबुजली.

"भिंतीची!" हाझेम म्हणाला.

नुहाने मोठ्याने विचारलं, "काका, हा पंजा मागे का?"

"आधीच्या मालकाने लावलाय, फार वर्षांपूर्वी!" काका घाईघाईने म्हणाले. "हात लावू नकोस हं! पंजा खरवडला की घराला अपशकुन!"

ते खरंच होतं. दुम्यातमधला कुठलाही सुतार दुसऱ्याचा पंजा खरवडणार नाही. झगलूलमामा तर दोन पावलं मागेच सरकले.

रीमने मात्र नाक पुढे केलं. "ताई, याला ताज्या रंगाचा वास येतोय!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हाझेमने बंद यंत्राच्या पट्टीला बोट मारलं. पट्टी लिबलिबली. बाबांच्या जुन्या कारखान्यातली पट्टी कशी तारेसारखी वाजायची!

"ढिली ठेवलीय," नुहा पुटपुटली. "ताणली की या मानेवर जोर येतो. म्हणून तर पातळ फळी कापून दाखवली!"

"मग मामांना सांगू!" रीम म्हणाली.

"माझे बाबा काय सांगतील? गप्प बस!" हाझेम हसला. "चला, मी लागतो कामाला." आणि तो गोड आवाजात म्हणाला, "काका, सौदा ठरतोय, मग चहा नाही? अन् मुशब्बक? त्या जिलब्या तुमच्या शेजारी छान मिळतात म्हणे!"

"अरे, मागवतो ना!" काका खूश होऊन मोठ्यांना पुढे घेऊन गेले. हाझेमची बडबड सुरू झाली.

"आधी वायर!" नुहाने सॉकेटमधून वायर काढली. बाबांचा नियमच होता तो. मग ती आणि रीम पट्टी ताणायचं छोटं चाक फिरवू लागल्या. एक वेढा... अजून एक... पट्टी ताठ झाली.

टक्क!

रंगाचे पोपडे खाली पडले. निळ्या पंजाच्या मधोमध एक बारीक काळी रेघ उमटली आणि करंगळीपर्यंत पसरत गेली!

"बाबा!"

बाबा धावत आले. गुडघ्यांवर बसून त्यांनी रेघ पाहिली. कोणी काही खरवडलं नव्हतं. पंजा आपोआपच फाटला होता आणि आत पुट्टीने बुजवलेली चीर दिसत होती.

"जाड लाकूड कापताना मान तुटली असती," बाबा हळूच म्हणाले. "आणि माझे हात तिथेच असते."

"अहो, मला काय माहीत! जुन्या मालकानेच..." शरनूबीकाका चाचरले.

"मग फार वर्षांपूर्वीच्या रंगाला ताजा वास कसा?" रीमने कमरेवर हात ठेवून विचारलं. काकांना घाम फुटला.

बाबा कोपऱ्यातल्या गंजक्या यंत्रापाशी गेले. त्यांनी पट्टी ताणली, मान निरखली आणि पान्याने ठोकून पाहिलं. टण्ण! घंटेसारखा आवाज घुमला आणि कबुतरं भर्रकन उडाली. मग त्यांनी जाड ठोकळा मागितला. यंत्राने तो सरळ, न कुरकुरता कापला.

"हीच!" बाबा म्हणाले.

"पोरांनो, माझी चूक झाली," मामा कान पकडून म्हणाले. "पुढचा पंखा तुम्हीच बघून घ्या!"

संध्याकाळपर्यंत यंत्र तळमजल्यावर उभं राहिलं. बाबांनी नुहाचा तळवा निळ्या रंगात बुडवला. "तू पकडलंस म्हणून माझे हात शाबूत आहेत. आता पंजा तुझाच!" नुहाने तो उमटवला, पुढे, अगदी वर.

यंत्र सुरू झालं. शेजारच्या घरांच्या गुणगुणीत आता त्यांच्या घराचा सूर मिसळला. नुहा डोळे मिटून ऐकत राहिली. भुसा उडाला, साचला, ढीग झाला.

"हा कशात भरू?" रीमने विचारलं.

बाबांनी दाराशी ठेवलेली काळी बॅग आणली, कपडे बाहेर काढले आणि ती रिकामी बॅग तिच्या हातात दिली.