पाच पडद्यांवरची आई

"माझी आई तुटली," टिप्या म्हणाला आणि त्याचे नऊही पाय एकदम थरथरले.

अन्विता खैरेने टेबलाकडे पाहिलं. तिथे पाच पडदे ओळीने मांडले होते. पहिल्यावर टिप्याच्या आईची कंबर होती, दुसऱ्यावर शेपूट, तिसऱ्यावर डोकं. उरलेल्या दोहोंवर पाठीचे तुकडे होते. त्यांतला चौथ्यावरचा इतका बारीक, की तो दुसऱ्याच कुणाच्या आईचा वाटावा. डोकं मात्र शांतपणे बोलत होतं.

टिप्या हा नारायणगावच्या शाळेत परग्रहावरून आलेला पाहुणा विद्यार्थी. त्याचं खरं नाव घ्यायला गणिताचा अख्खा तास जाई, म्हणून हजेरीपुरता टिप्या. राहायला अन्विताच्या घरी. त्याच्या ग्रहावरची मोठी मंडळी लांबच लांब असतात, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंतचे पट्टे सलग दिसल्याशिवाय तिकडची पोरं आपल्या आईला ओळखत नाहीत. मागच्या वेळच्या व्हिडिओ कॉलला सगळी आई एकाच पडद्यावर बसवून पाहिली, तर सुतळीएवढी दिसली. "ही आई नाही, दोरी आहे," असं सांगून टिप्याने जेवण सोडलं. आजही ओळख पटली नाही तर तो परतीच्या यानात बसणार होता. अन्विताला दुसरा मित्र नव्हता असं नाही, पण छतावरून पतंग काढून देणारा हाच एक होता.

म्हणून आबांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, गावभर फिरून पडदे जमवले होते. वाचनालयाचा, डेअरीचा, मंगल कार्यालयाचा, ज्याचा मिळेल त्याचा. लग्नघरी आणलेल्या पातेल्यांसारखी प्रत्येकावर मालकाचं नाव घातलेलं. आबा निवृत्त रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ (आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरींवरून ताऱ्यांचा अभ्यास करणारे) होते. इतक्या दूरच्या ग्रहाशी तत्काळ बोलता कसं येतं, हे ते अनेकदा समजावायला बसत आणि दर वेळी कुणीतरी त्यांना जेवायला बोलावे.

"आबा, हा संपर्काचा उपग्रह मावळायला किती वेळ आहे?"

"चहा टाकला तर गाळून होईल. प्यायला मिळणार नाही."

अन्विताने माउस धरला आणि पडद्यावरचा बाण हळूहळू उजवीकडे सरकवला. पहिल्या पडद्याच्या उजव्या कडेतून तो बाहेर पडला. यायला हवा होता दुसऱ्यावर, निघाला चौथ्यावर. आणखी सरकवला, तर मागे दुसऱ्यावर उगवला.

"आबा, वायरी कुठल्या क्रमाने जोडल्यात?"

"पोचतील तिथे खुपसल्या."

"मग संगणकाने तोच क्रम धरलाय."

"दुसरं काय धरणार बिचारा? त्याला डोळे थोडेच आहेत. टेबलावर कोण कुणाशेजारी बसलंय ते आपण सांगायचं असतं."

"आई तुटली, त्याचं काय?" टिप्याने विचारलं.

"हे बघ," अन्विता म्हणाली, "संगणकाकडे चित्र एकच आहे, भिंतीएवढं लांब. पडदे म्हणजे त्या भिंतीच्या खिडक्या. कुठली खिडकी कुठल्या भागावर उघडते, त्याला म्हणतात मांडणी. तुझी आई अख्खी आहे. खिडक्यांची अदलाबदल झालीय."

तिने सेटिंग उघडलं. तिथे पाच चौकटी होत्या, क्रमांक घातलेल्या. 'ओळखा' हे बटण दाबताच खऱ्या पडद्यांवरही तेच क्रमांक उमटले. मग टेबलाकडे बघून तिने एकेक चौकट ओढून जागेवर बसवली.

"कुणाची परवानगी नाही घेतलीस?" टिप्या कुजबुजला.

"ही मुक्त प्रणाली आहे (म्हणजे संगणक चालवणारी अशी व्यवस्था, जिच्या सूचनांची कृती कुणीही वाचावी आणि हवी तशी बदलावी). इथे परवानगी कृतीतच लिहिलेली असते."

"आमच्या वेळी परवानगीसाठी तीन खाती होती," आबा म्हणाले, "आणि संगणक एक."

आई जुळली. फक्त चौथ्या पडद्यावर, डेअरीच्या, ती निम्मी होती.

"आजारी आहे?"

"नाही रे. हा पडदा नवा आहे. याचे पिक्सेल (चित्र ज्यांचं बनतं ते बारीक ठिपके) इतरांच्या निम्म्या आकाराचे. आईला ठिपके तेवढेच मिळाले, पण लहान. म्हणून आईही लहान."

तिने त्या पडद्याचं प्रमाण दुप्पट केलं, चौकटींच्या कडा पुन्हा भिडवल्या आणि हात मागे घेतला.

पट्टे सलग धावले. टिप्या डोक्यापासून निघाला, पाचही पडद्यांवरून चालत शेपटीपर्यंत गेला आणि तिथेच मटकन बसला. "हीच," तो म्हणाला.

"मी मघापासून अख्खीच आहे," दुभाष्या यंत्रातून आई म्हणाली. "तूच बारीक दिसतोयस. आणि शेजारी हे गुडघे कुणाचे आहेत?"

तिकडचे पडदे आडव्या ओळीत होते. त्यांत टिप्या मावत होता. उभी अन्विता मावत नव्हती.

"काकू, तुमचे पडदे एकावर एक रचा," अन्विता म्हणाली, "आणि तसं संगणकाला सांगा. तो बघायला येत नाही."

तिकडे खडखडाट झाला. उपग्रह डोंगराकडे उतरत होता. आबांनी चहा टाकलाच नव्हता.

"आता दिसली," आई म्हणाली. "वर ते गोल आहे, तेही तिचंच ना?"

"तिचंच," टिप्या म्हणाला. "ती एवढीच असते. पण सगळी आहे."