कुस्तीची तयारी करून दिलेलं रक्त

आबांच्या रक्तात असं काय सापडलं होतं, की घरात कुणी मोठ्यानं बोलेनासं झालं होतं? शर्वरीला एवढंच कळलं होतं, की क्रिएटिनिन १.७ आलंय आणि ते जास्त आहे. तिचे वडील, आबा, कोल्हापुरातल्या तालमीत कुस्ती शिकवणारे वस्ताद. आजोबा मूत्रपिंडाच्या आजारानंच गेले होते. त्यामुळे आबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण कबूल करतील तर शपथ!

आरोग्यकेंद्रात पहिली विचारपूस धीरू नावाचा यंत्रमानव करायचा. शर्वरीनंच विचारून टाकलं, "आबांची किडनी बिघडली का?"

"अजून मला माहीत नाही," धीरू म्हणाला.

शर्वरीला रागच आला. एवढं मोठं यंत्र, आणि म्हणे माहीत नाही!

"तपासणीआधी काय काय केलंत?" धीरूनं आबांना विचारलं.

"तयारी केली की!" आबा म्हणाले. "रात्री मटणाचा अळणी रस्सा वरपला, पहाटं दम निघंस्तवर बैठका मारल्या. अंग दुखाय लागलं तवा गोळी घेतली. परीक्षा म्हटल्यावर अंग तयार नको व्हय?"

धीरू शर्वरीकडे वळला. "स्नायूंमधून क्रिएटिनिन (एक टाकाऊ पदार्थ) सतत रक्तात उतरतं. मूत्रपिंडं ते गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. आता सांग, मोरीत पाणी साचलं तर कशामुळे?"

"जाळी तुंबली असेल," शर्वरी म्हणाली. मग जरा थांबून, "नाहीतर नळच जास्त सोडला असेल."

"बरोब्बर! नुसतं साचलेलं पाणी बघून ते कळत नाही. आबांचं अंग पिळदार, त्यात मटण आणि बैठका. म्हणजे नळ मोठा. म्हणून रक्त पुन्हा तपासू, लघवीही तपासू, आणि सोबत सिस्टॅटिन-सी (जवळपास सगळ्याच पेशी बनवतात असं प्रथिन) बघू. तेही मूत्रपिंडंच गाळतात, पण त्याचा स्नायूंशी फारसा संबंध नसतो. तोवर व्यायाम नाही, मटण नाही, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी नाही; ती जाळीलाच बाधू शकते."

आबांना ते फार जड गेलं. घरी बसल्या बसल्या तालमीतून शड्डूचा आवाज आला की उठायचे, आणि परत बसायचे.

नवे आकडे आले. क्रिएटिनिन उतरलं होतं, सिस्टॅटिन-सी ठीक होतं. पण लघवीत थोडं प्रथिन सापडलं होतं, जे निरोगी जाळी सहसा गळू देत नाही. डॉक्टर मुजावर मॅडम म्हणाल्या, "हे तात्पुरतं असेल, किंवा आजाराची सुरुवात. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. सुरुवात असली तरी लवकर सापडलीय. आता तिला आवर घालायला चांगली औषधं आहेत."

या वेळी शर्वरीला राग आला नाही. एका आकड्यावरून कुणी काहीतरी ठोकून दिलं असतं, तर ते खोटं ठरलं असतं.

बाहेर आल्यावर आबा फाटकापाशी थबकले. "शरू, मला भ्या वाटतंय गं."

असं त्यांच्या तोंडून तिनं कधीच ऐकलं नव्हतं. तिनं त्यांचा हात धरला. "मलापण वाटतंय, आबा. पुढच्या खेपेलापण मी येणार तुमच्यासंगं."

"ये. आन् मॅडम काय म्हणाल्या ते आत्ता नीट सांग. भ्यापायी मला आत काय ऐकूच आलं न्हाई बघ."

शर्वरीनं त्यांना तिथल्याच बाकावर बसवलं आणि पहिल्यापासून समजावून सांगायला सुरुवात केली.