रुंद चीर

काल दुपारी मी प्रयोगशाळेतल्या किरणखोलीचं, म्हणजे जिथे कणांचा किरण सोडतात त्या खोलीचं, दार लावायला गेले. रोजचंच काम. आमच्या नव्या कॉलिमेटरची चाचणी होती. कॉलिमेटर म्हणजे शिशाचा जाड ठोकळा, मधे उभी चीर. सरळ येणारे कण चिरेतून मागच्या डिटेक्टरवर पडतात. भरकटलेले कण शिसं गिळून टाकतं. चीर किती रुंद ठेवायची यावरून माझं आणि काकांचं चांगलंच वाजलं होतं. काका म्हणजे आमचे सगळ्यांत जुने इंजिनिअर.

“अरुंद ठेव, पोरी. थोडं दिसेल, पण स्वच्छ दिसेल.”

“थोडं बघून रिटायर तुम्हाला व्हायचंय, मला नाही,” मी सगळ्यांसमोर म्हणाले. चीर रुंद झाली.

किरण सुरू असताना आत माणूस सापडला तर वाचत नाही; म्हणून दार लावण्याआधी आत हाक द्यायची, ‘आत कोणी आहे का?’, आणि उत्तरासाठी थांबायचं, असा नियम. कॅमेरे असताना भिंतींशी काय बोलायचं? मी दार लोटून दिलं.

“हाक दिलीस ना गं?” बाहेर काकांनी विचारलं.

“दिली.”

किरण सुरू झाला. डिटेक्टरच्या पडद्यावर रुंद, उजळ पट्टा उमटला. काकांकडे तोऱ्यात बघणार, तोच पट्ट्याच्या मधोमध काळं काहीतरी दाटत आलं. अरुंद चिरेतून ते दिसलंच नसतं. डोकं... खांदे... लोंबता हात.

मी किरण बंद केला. यंत्राची घरघर विरत गेली. तापलेल्या वायरींचा वास तेवढा उरला.

“कॅमेऱ्यात तर कोणीच नाही...”

“तू हाक दिलीस ना, मग कोणी नसणारच,” काका म्हणाले. त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. खरं सांगायचं सोडून मी कॅमेऱ्याचं चित्र पुन्हा तपासत बसले.

काका आत गेले. मी उंबऱ्यावरच खिळले. माझ्यापायी आत कोणी मेलं असेल, आणि बघायला म्हातारा गेला होता.

आतून त्यांचा दबका आवाज आला. “दिली म्हणाली ती... हो... लहान आहे अजून...”

ते बाहेर आले, पांढरेफटक.

“कोण होतं, काका?”

“कोणी नाही.”

“मी... हाक दिलीच नव्हती.”

“कळलं मला. आतच कळलं.”

मी दार लावायला हात पुढे केला. त्यांनी माझं मनगट धरून मला भिंतीशी सारलं, आणि दार तसंच उघडं धरून ठेवलं... आतून कोणी सावकाश चालत येत असावं, त्याला वाट द्यावी तसं.