रिकाम्या चौकटी

पोथी तुम्ही बुडवलीत, साहेब. गावावर ढकलू नका.

वैनगंगेकाठच्या त्या मठात आता संध्याकाळी चौरंगावर संगणकाचा पडदा असतो, हार घातलेला. मठाचे सोनबाजी भोयर हात जोडतात, पडदा उजळतो आणि कैक पिढ्यांमागच्या एका विणकर बाईच्या ओव्या घुमू लागतात.

त्या ओव्यांच्या एकमेव पोथीवर हेमांगी सोनकुसरेने डोळे फोडले. कसरीने चाळण केलेलं एकेक पान तिने निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशात टिपलं आणि वाचता आलं तेवढंच संगणकात उतरवलं. गेलेल्या अक्षराच्या जागी रिकामी चौकट. अंदाज नाही, भर नाही.

तुम्हाला चौकटी चालेनात. सरकारी संग्रहात अपुरा मजकूर स्वीकारत नाही, म्हणालात. मग तुमचं पूरणयंत्र लागलं कामाला. जुने ग्रंथ पचवून ते ठरवतं, गळालेला शब्द कोणता असणार. त्याने हेमांगीच्या एकुलत्या नकलेतच चौकटी भरल्या. बाईचं अक्षर कोणतं नि यंत्राचं कोणतं, ही खूणही पुसली. वर जागा अडते म्हणून तुम्ही तिने टिपलेली छायाचित्रं काढून टाकलीत.

हेमांगी मठात धावली, पानं पुन्हा टिपायला. पानं नव्हती. पूर्ण नक्कल हाती आली की जीर्ण पोथी नदीत सोडायची, ही मठाची रीत. सोनबाजींनी ती वाजतगाजत सोडली होती.

“पूर्ण झाली म्हून सरकारचा शिक्का होता ना, ताई.”

ती पडद्याकडे वळली. पडद्यावर ओवी चालू होती:

‘रायें माझें लेकरूं सांभाळिलें। देवा तूं धन्य झालासी।।’

‘लेकरूं’च्या पुढे चौकटी होत्या. पहिलीत, जांभळ्या प्रकाशात, ‘मा’ पुसट दिसला होता; खात्री नव्हती म्हणून तिने लिहिला नव्हता. मारिलें. आणि पुढची ओळ तर शाबूत होती: ‘देवा तूं कोठें होतासी’. यंत्राला तो प्रश्न जुळेना, म्हणून त्याने धड अक्षरंही बदलली.

हे तिने सोनबाजींना सांगितलं.

“पुरावा दाखव. उद्यापासून तसंच म्हनतो. नाही तर आमी रोज कोनाची ओवी म्हनून राह्यलो?”

पुरावा नदीत गेला. उरली हेमांगीची आठवण; तिला तुम्ही आधार मानत नाही. तिच्या तक्रारीवर तुम्ही यंत्राचंच मत मागवलंत. तोवर ते याच ओव्यांवर शिकून बसलं होतं. म्हणालं, त्या काळी असंच लिहीत.

मुलगा मारला गेलेल्या आईच्या तोंडी तुम्ही राजाची स्तुती घातलीत. हेमांगी रोज तुमच्या दाराशी येऊन एवढंच विचारते: त्या बाईचा प्रश्न कुठे आहे?

यंत्राला विचारू नका. तुम्ही सांगा.