अकरा अंशांची थंडी

दारावरचा आकडा सांगत होता, आत अकरा अंश तापमान आहे. पण आत उभ्या असलेल्या शाल्मलीच्या तोंडातून वाफ निघत होती आणि बोटं बधिर झाली होती. यातलं खरं काय, हे तिला कळेना.

हे शीतगृह तिच्या कुसुमआत्याच्या रेशीम केंद्रातलं. इथल्या रेशमापासून तुटलेल्या नसा जोडायचे धागे बनत. रेशीमकिड्यांची अंडी इथे पाच अंशांवर झोपवून ठेवली होती. शेतात तुतीची नुकतीच छाटणी झाली होती, एकही पान नव्हतं. पालवी फुटेपर्यंत अंडी झोपलेलीच राहायला हवी होती.

"शीतगृह तापलंय," केंद्राचा यंत्रमानव तुषार म्हणाला. "अंडी जागी होतील. नियमाप्रमाणे मी ती उबवणीगृहात हलवतो."

"आणि अळ्या बाहेर आल्यावर खातील काय?"

तुषारने तरी पहिला ट्रे उचलला. एकदा ऊब लागली की अंडी परत झोपवता येत नाहीत, हे शाल्मलीला ठाऊक होतं. ती दारात आडवी उभी राहिली. "ठेव तो खाली. आधी आत्याला विचारते."

आत्या परगावी होती. पडद्यावर तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुला थंडी वाजतेय हे खरं, पण त्वचासुद्धा फसते गं. आपल्याला असं काहीतरी हवं, ज्याचं तापमान आधीच पक्कं माहीत आहे. सांग बघू, काय?"

शाल्मलीने विचार केला. "वितळणारा बर्फ. शून्य अंश."

"शाब्बास. बर्फाचा चुरा कर, थोडं पाणी घालून ढवळ आणि त्यात संवेदक बुडव."

संवेदक (तापमान ओळखणारा भाग) म्हणजे वायरच्या टोकाला मण्याएवढी गाठ. शाल्मलीने ती बर्फात धरली. आकडा उतरत उतरत नऊवर आला आणि तिथेच थांबला.

"शून्य यायला हवं होतं," ती म्हणाली. "म्हणजे आकडाच चुकतोय. पण का?"

"नियंत्रकाला (शीतयंत्र चालू-बंद करणाऱ्या पेटीला) तापमान दिसतच नाही," आत्या म्हणाली. "त्या मण्यातून वीज किती अडते, म्हणजे त्याचा रोध किती, एवढंच त्याला कळतं. मणी थंड असेल तर वीज जास्त अडते. गरम झाला की कमी अडते. त्यावरून तो तापमानाचा अंदाज बांधतो."

"मग वीज कमी अडत असणार, म्हणून त्याला गरम वाटतंय."

"बरोबर. आता कपाटातला नवा संवेदक लावून बघ."

आत्याने सांगितल्याप्रमाणे तुषारने नियंत्रकाची वीज बंद करून नवा संवेदक जोडला. बर्फात बुडवताच आकडा शून्यावर आला. नियंत्रक निर्दोष होता. दोष जुना मणी किंवा त्याची वायर यांत होता. शाल्मली वायर चाचपत निघाली. पंख्याखाली वायरीला एक जोड होता आणि त्यावरची चिकटपट्टी ओली होती. सोलली तर आत पाण्याचे थेंब.

"वीज मण्यातून जायच्या ऐवजी थोडी या पाण्यातून पळतेय," ती सावकाश म्हणाली. "तिला आडवाट मिळालीय. म्हणून रोध कमी दिसतो, आणि नियंत्रक बिचारा खोली थंडच करत सुटलाय."

तुषारने जोड कापून कोरडा केला, पुन्हा जोडला आणि पाणी शिरणार नाही अशा नळीत बंद केला. जुना संवेदक परत नियंत्रकाला लावून बर्फात बुडवल्यावर या वेळी शून्य आलं. मग त्यांनी मणी त्याच्या जागी टांगला. आकडा दोनवर स्थिरावला. म्हणजे खोली तापली नव्हती, उलट गारठली होती. शीतयंत्र घरघरत थांबलं. आता खोली हळूहळू पाच अंशांकडे येणार होती आणि अंडी झोपलेलीच राहणार होती.

शाल्मलीने मुठीत फुंकर मारून बोटं शेकली. तिला एकदम हलकं वाटलं.

"मी आकड्यालाच खोली समजलो," तुषार म्हणाला.

"आकडा म्हणजे कुणीतरी दिलेली साक्ष," आत्या हसली. "ती पडताळून घ्यायची असते. पुढे चंद्रावर शीतगृहं उभी राहतील, तिथेही शाल्मलीसारखं कुणीतरी लागणार."

तुषारने बर्फाचं भांडं उचललं आणि तो दाराकडे वळला.

"कुठे निघालास?" शाल्मलीने विचारलं.

"उबवणीगृहात. तिथला आकडा मी अजून तपासलेला नाही."